लाकडी सांगाड्याचं घर बांधून घेतलं, गगनबावडा रोडला : सुतार टीमचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच मागं फिरतील. सांगाडा म्हणजे खांब, तुळया, आढं, वासे, सगळे सांधे, ह्याला पाचपैकी पाच. भिंतींना साडेतीन. कौलकामाला दोन, आणि ते दोन पण मिस्त्रीमामांच्या तोंडाकडं बघून. वेळ पाळण्याला एक. बिल मात्र सांगितलेल्याच्या फार पुढं गेलं नाही, आणि ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते ज्यानं घर बांधलंय त्यालाच विचारा.

टीम म्हणजे कंपनी-बिंपनी नव्हे. एक आर्किटेक्ट मॅडम, कोल्हापुरातल्याच, आणि भुदरगडकडचे सुतार, त्यात वडीलधारे ते मिस्त्रीमामा. नाव-नंबर टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की हातातली कामं उरकेनात, आणखी फोन नकोत. तरीपण रिव्ह्यू लिहितोय कारण अशी कामं करणारे आता भुदरगड, आजरा, राधानगरी बाजूला शोधलं तर सापडतात, आणि त्यांच्याकडनं काय मागायचं, कुठं मान डोलवायची नाही, हे आधी माहीत असलं तर बरं पडतं.

घर केवढं? तीन खण लांब, दोन खण रुंद, खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, ती दहा फुटी, म्हणजे आत सहाशे स्क्वेअर फूट, पुढं सोपा वेगळा आणि मागच्या खणावर माळा. जागा आमच्या शेतातली, कळे गावाच्या पुढं, उताराची. आई-अप्पांना शेतावरच राहायचं होतं आणि तिथवर डंपर येत नाही, पावसाळ्यात तर ट्रॅक्टरसुद्धा रुततो. आरसीसी करायचं म्हटलं तर वाळू, खडी, सळी सगळं खालच्या रस्त्यावर उतरवून डोक्यावर वाहायचं, आणि त्याची मजुरी ऐकून अप्पा म्हणाले त्यापेक्षा मला गोठ्यातच खाट टाका. लाकूड मात्र चार माणसं खांद्यावर घेऊन वर येतात. इतकं साधं कारण होतं, पर्यावरण वगैरे नंतर आलं.

मॅडमनी पहिल्याच भेटीत वॉल्टर सेगल ह्या आर्किटेक्टचं सांगितलं. लंडनमध्ये 1960 च्या दशकात त्याला स्वतःचं घर पाडून नवं बांधायचं होतं, तोवर बायकापोरांना राहायला म्हणून बागेतच त्यानं लाकडी सांगाड्याचं तात्पुरतं घर उभं केलं, पाया म्हणजे नुसत्या फरशा, बाजारात जे तक्ते ज्या मापात मिळतात ते न कापता बसतील अशीच खांबांतली अंतरं ठेवली. दोनेक आठवड्यांत, आठशे-साडेआठशे पौंडांत काम झालं आणि ते तात्पुरतं घर पुढं कित्येक वर्षं उभंच राहिलं. मग 1970 च्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्याच लुइशॅम भागाच्या कौन्सिलनं ज्या जागा बिल्डरला नको होत्या, उताराच्या, भुसभुशीत मातीच्या, त्या साध्या माणसांना दिल्या आणि त्यांनी ह्याच पद्धतीनं हातानं घरं बांधली. आता तिकडचं तक्त्यांचं घर आपल्या पावसात टिकणार नाही हे मॅडमनाही माहीत होतं, पण हिशोब तोच घेतला. सॉ मिलवाला दहा आणि बारा फुटी माल सहज देतो म्हणून खण दहाचा, सांध्यात शिरायला वर थोडं. लाकडाचे तुकडे फेकायला फार उरलेच नाहीत, जे उरले ते रीप आणि खुंट्यांत गेले आणि राहिलेले चुलीत.

आता लाकूड. ह्याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळी गोम इथंच आहे. लोकांना वाटतं लाकडी घर म्हणजे साग, आणि साग म्हणजे मग परवडणारच नाही. आमचे खांब सागाचे आहेत पण जुने, पेठेतला एक वाडा उतरवला होता त्याचे. कोल्हापुरात आजकाल दर महिन्याला कुठला ना कुठला वाडा उतरतोय, त्याचं लाकूड घनफुटावर मिळतं, नव्या सागापेक्षा स्वस्त, आणि वर्षानुवर्षं छपराखाली वाळलेलं असल्यामुळं आता ते ना वाकतं ना पिळतं. फक्त आत खिळे असतात. मिस्त्रीमामा प्रत्येक खांबावरनं आधी लोहचुंबक फिरवायचे, चिमट्यानं खिळे उपसायचे, तरी एक राहिलाच आणि सॉ मिलच्या पात्याचे दात गेले, त्याचे पैसे आम्ही भरले. तुळया अकेशियाच्या, म्हणजे आपल्याकडं लोक ज्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात ती, आमच्याच बांधावरची. वासे सिल्व्हर ओकचे. सिल्व्हर ओक हे नाव भारी आहे पण लाकूड हलकं, वाळवी आणि भुंगेरे दोघांच्या आवडीचं, त्यामुळं ते तसंच वापरायचं नाही. ओलं असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढायचं, मग प्लास्टिकखाली झाकून ठेवायचं म्हणजे औषध ओलाव्याबरोबर आत झिरपतं, आणि मग सावलीत वाळवायचं. हे औषध माणसाला फारसं घातक नाही पण पावसात धुऊन जातं, म्हणून छपराच्या आतल्या लाकडालाच, बाहेर उघड्यावरच्या लाकडाला त्याचा उपयोग शून्य. मॅडमनी हे स्वतःहून सांगितलं. आधी ज्या दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरनं कोटेशन दिलं होतं तो एकच औषध आतबाहेर सगळीकडं मारायला निघाला होता.

बांधावर एक ऐन आणि दोन जांभळी पण होत्या, मी म्हटलं ह्या पण घेऊया की, आपल्याच तर आहेत. मिस्त्रीमामा म्हणाले, "दादा, झाड तुमचं असलं तरी परवाना वनखात्याचा. कागद आणा, मग करवत लावतो." आणि खरंच आहे, 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, ऐन, किंजळ, जांभूळ असली झाडं यादीत आहेत, स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत आणि माल हलवायला पास लागतो. बरेच जण "बघू की नंतर" म्हणून तोडतात आणि चेकनाक्यावर अडकतात. जांभळी अजून तशाच उभ्या आहेत, पोरं खूश.

सॉ मिलचा किस्सा सांगायलाच पाहिजे. वाशांसाठी जादाचा माल एका मिलमधनं घ्यायला गेलो, नाव सांगत नाही, मालक छातीठोकपणे म्हणतोय "सर एकदम सुकं, सीझन्ड माल". मिस्त्रीमामांनी खिशातनं लाकडातला ओलावा टक्क्यांत मोजायचं मोबाईलएवढं यंत्र काढलं, दोन सुया लाकडात खुपसल्या. आकडा आला 27. मालक म्हणाला तुमचं मशीन बिघडलंय. मामांनी शेजारच्या जुन्या टेबलाच्या पायात खुपसून दाखवलं, 11. मग मालक गप्प. आपल्याकडं छपराखालचं लाकूड बारा-पंधरा टक्क्यांवर स्थिर होतं, वीसच्या वर ते कायम राहिलं की बुरशी लागायला लागते. हे यंत्र ऑनलाईन दीड-दोन हजाराच्या आत मिळतं आणि ज्याला लाखो रुपयांचं लाकूड घ्यायचंय त्यानं ते घेतलंच पाहिजे, सुतार आणेल म्हणून थांबू नका. तो माल आम्ही भाव पाडून घेतला, मध्ये पट्ट्या घालून थर लावले आणि गोठ्याच्या सावलीत वाळवला. त्यात वेळ गेला. वेळेला एक मार्क दिलाय त्यातला थोडा दोष ह्या मिलवाल्याचा आहे हे कबूल.

आणि सांधे. बघायला या म्हणतो ते ह्याच्यासाठी. तुळईचं टोक तासून त्याची जीभ काढायची, खांबात तिच्या मापाची खाच पाडायची, जीभ आत सरकवायची आणि आडवी खुंटी ठोकायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मिस्त्रीमामा खांबातलं भोक आणि जिभेतलं भोक एका रेषेत पाडत नाहीत. जिभेतलं भोक सूतभर मागं, तुळईच्या खांद्याकडं. मी म्हटलं मामा भोक चुकलं की. ते हसले, निमुळती तासलेली वाळल्या बाभळीची खुंटी घेतली, लाकडी हातोड्यानं मारायला लागले, आणि प्रत्येक घावाला तुळई खांबाकडं ओढली जाताना डोळ्यांनी दिसत होती, शेवटी खांद्यात आणि खांबात व्हिजिटिंग कार्ड जाईना. खुंटी आत जाऊन किंचित वाकते आणि सांधा कायम ताणून धरते. तुळई पुढं वाळून आकसली तरी तो ताण राहतो. खिळा किंवा बोल्ट लाकूड वाळलं की सैल पडतो, हे नाही. आता एवढे महिने झाले, दोन-तीन ठिकाणी मुद्दाम कार्ड घालून बघितलं, जात नाही.

लोखंड अजिबात नाही असं नाही हां. खांबाच्या तळाला आणि छपराच्या कैचीच्या दोन ठिकाणी पट्ट्या आहेत, त्या उद्यमनगरातनं करून घेतल्या, गॅल्व्हनाइज करून. साध्या लोखंडाच्या लावल्या असत्या तर अकेशियातल्या टॅनिननं लाकूडही काळं पडतं आणि लोखंडही गंजतं. उद्यमनगरात ज्याला पट्ट्या करायला दिल्या त्यानं ड्रॉइंग बघून विचारलं ऊस गाडीचं काम आहे का, घराचं आहे म्हटल्यावर चहा मागवला आणि अर्धा तास माझ्याच घराची काळजी करत बसला.

पायाचं काम छोटं आणि छान. जोतं जांभ्याचं, अडीच फूट उंच, चुन्यात बांधलेलं. प्रत्येक खांबाखाली घडीव तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, खांब मातीत पुरलेला नाही आणि काँक्रीटमध्येही गाडलेला नाही. खांबाच्या बुडाला काजूच्या टरफलाचं तेल पाजलंय, ते आजरा-चंदगडच्या काजू कारखान्यांतनं मिळतं, वाळवीला ह्याचा वास सोसत नाही पण माणसाच्या कातडीलाही सोसत नाही, बारक्या सुतारानं हातमोजे काढून ब्रश धरला आणि दुसऱ्या दिवशी बोटांची सालटं निघाली. लावणार असाल तर नुसत्या हातानं नको. तळखड्याभोवती चारी बाजूंनी हात फिरेल एवढी मोकळी जागा ठेवलीय, कारण वाळवी जमिनीतनं मातीचा बोगदा करून वर चढते, तो बोगदा दिसला की खरवडून टाकायचा. आईनं झाडलोट करता करता तसले एकदोन मोडलेत सुद्धा. लाकूड भिजण्यानं मरत नाही, भिजून वाळायला जागा नसली की मरतं, आणि ह्या घरात प्रत्येक खांब उघडा आहे, चारही बाजूंनी वारा. गिलाव्यात गाडलेलं लाकूड आतनं कधी गेलं ते कळतच नाही.

भिंतींवर येऊ. खाली तीन फूट जांभा, त्याच्या वर कुड. बांबूच्या उभ्या काठ्या, त्यात कारवी विणलेली, दोन्ही बाजूंनी माती-शेण-भाताचा पिंजर ह्याचं लिंपण आणि त्यावर चुन्याचा गिलावा. माळ्याच्या तक्त्यावर भाताचं तूस भरलंय, उन्हाळ्यात छपराचा ताव खाली येत नाही, तुसात सिलिका भरपूर असल्यामुळं ते लवकर सडत नाही आणि किडीलाही फार गोड लागत नाही. गिरणीवाला तर म्हणाला न्या की हवं तेवढं, पोतीच फक्त परत आणा. घर थंड आहे, एप्रिलमध्ये दुपारी कोल्हापुरातल्या स्लॅबच्या फ्लॅटमधनं इथं आलं की फरक अंगाला कळतो.

मग साडेतीनच का? कारण फटी. लाकूड लांबीला आकसत नाही म्हटलं तरी चालेल पण रुंदीला आकसतं, हे ह्या टीमला माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त माहीत. तरी अकेशियाची आडवी लाकडं आणि कुड जिथं भेटतात तिथं त्यांनी लाकडाला गाळा, म्हणजे लांब खाच, पाडून भिंत आत घेतली नाही, नुसती टेकवली. थंडीत लाकूड वाळलं आणि वरच्या बाजूनं बोटाच्या नखाएवढी फट सगळीकडं, सकाळी आत उजेडाच्या रेघा. दाजी आले ते म्हणाले वा वा, नॅचरल लाइटिंग. टीमला फोन केला तर आले, काथ्या आणि चुना भरला, वरनं लाकडी पट्टी मारली, पैसे घेतले नाहीत, मान्य. पण पहिल्यांदाच केलं असतं तर? गाळ्याचं लिहून घ्या, तोंडी नको. आणि लाकडाला लांबीच्या दिशेनं चिरा पडतात, अकेशियाला तर हमखास, मोठा आवाज होतो, रात्री टणकन. त्या चिरांना घाबरायचं काम नाही, लाकूड बाहेरनं आधी वाळतं म्हणून फाटतं, सांध्यातनं आरपार गेली तरच प्रश्न. आमच्या मावशी मात्र अजून तिथं मुक्काम करत नाहीत.

आता कौलकाम, इथं माझं डोकं फिरतं. सुतार नंबर एक, पण कौलं बसवायला त्यांनी दुसरीच माणसं आणली, आणि ती माणसं मोबाईलवर गाणी लावून रीप मारत होती, माप घेत नव्हती. मंगलोरी कौलाला रिपांतलं अंतर कौलाच्या खाचेवर ठरतं, अंदाजे चालत नाही. छपराच्या एका पाख्यावर, म्हणजे एका उतरत्या बाजूवर, अंतर अर्धा-पाऊण इंच जास्त पडलं, कौलं एकमेकांत नीट बसेनात, ढाळ चांगला उभा दिला होता म्हणून निभावलं नाहीतर आत तळं झालं असतं. आमच्याकडं पाऊस म्हणजे कोल्हापूर शहरातला पाऊस नव्हे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आम्ही त्याच्या अलीकडं आहोत म्हणून जरा कमी, पण आडवा वारा तोच. जुलैमध्ये आढ्याजवळ दोन ठिकाणी गळालं, अप्पांच्या खाटेच्या बरोबर वर. माणसं बोलवून तो पाखा उतरवून परत बसवला. हे सगळं मेच्या उन्हात तासाभरात सुधारलं असतं, पावसात बांबूवर चढून करायला जीव मुठीत धरावा लागला. आणि वानरं! त्यांचा दोष टीमला देत नाही, पण ज्यांच्या भागात वानरं आहेत त्यांनी शंभरेक कौलं जादा घेऊन ठेवाच.

पागोळ्या मात्र साडेतीन फूट बाहेर काढल्यात, त्याला तोड नाही. पावसाचा मारा कुडापर्यंत पोचतच नाही, पश्चिमेच्या बाजूला थोडा शिंतोडा येतो तिथं पावसाळ्यात आई झापा बांधते. पागोळ्या कमी करा, खर्च वाचेल असं कोण म्हणालं तर त्याला बांधावरनं खाली सोडून या.

पुराचं एक सांगतो कारण चिखलीच्या एका पाहुण्यांनी घर बघून लगेच विचारलं, आम्हाला पण असंच करून देतील का. प्रयाग चिखली, आंबेवाडी, ज्यांनी 2019 आणि 2021 चं पाणी बघितलंय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 43 फूट, म्हणजे धोक्याच्या पातळीला, गेलं की ज्यांचं सामान माळ्यावर चढतं, त्यांनी हे घर असंच्या असं करू नये. सांगाडा टिकेल, लाकूड भिजेल आणि वाळेल, पण मातीचा कुड चार दिवस पाण्यात उभा राहिला की विरघळून खाली बसतो. तिथं खालचा मजला नुसता खांबांचा मोकळा ठेवून वर राहायचं, नाहीतर पुराच्या रेषेपर्यंत जांभा किंवा वीट. मॅडमनी पण पाहुण्यांना हेच सांगितलं आणि काम घेतलं नाही, काम सोडून देणारा माणूस बघून पाहुणे जास्तच इम्प्रेस झाले.

भूकंपाचं आमच्याकडं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं, कोयना काय फार लांब नाही, 11 डिसेंबर 1967 ची पहाट अप्पांच्या पिढीला अजून आठवते. लाकडी सांगाडा हलका असतो आणि सांध्यात थोडा लवतो, म्हणून हादऱ्यात बरा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला जी माणसं गेली ती मुख्यतः जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या मातीखाली, कितीतरी घरांत भिंती ढासळल्या आणि आतले लाकडी खण तसेच उभे होते. म्हणजे सांगाडा लाकडी असून भागत नाही, त्याच्याभोवती आणि डोक्यावर काय वजन ठेवलंय ते बघायचं. आमच्या चारी कोपऱ्यांत तिरप्या धीरा आहेत, मी त्या काढा म्हणत होतो खिडकी मोठी करायला, मॅडमनी ऐकलं नाही, बरं झालं.

आग. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं तेव्हापासून कोल्हापुरात लाकडाचं नाव काढलं की समोरचा पहिला हाच प्रश्न टाकतो. जाड लाकूड आणि बारीक लाकूड ह्यात फरक आहे. आठ इंची खांब पेटला तर बाहेरनं कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला आच लागू देत नाही, मिनिटाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगानं आत सरकतो, उघडं लोखंड साडेपाचशे-सहाशे डिग्रीला निम्मी ताकद सोडून देतं. पण पातळ फळ्या, पडदे, थर्माकोल, उघड्या वायरी हे सगळं भुर्रकन जातं. म्हणून वायरिंग सगळं लोखंडी पाईपमधनं, भिंतीच्या वरनं, दिसेल असं. चूल सोप्याच्या बाहेर वेगळ्या छपरात. माळ्यावर पिंजर ठेवायचा नाही, हे अप्पांना रोज सांगावं लागतं.

इको-फ्रेंडली म्हणून जे बोर्ड लावतात त्यांच्याबद्दल. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधनं येतो, कारण चुनखडी भाजली की त्यातनंच तो बाहेर पडतो, आणि भट्टीच्या कोळशाचाही त्यातच आला. उलट वाळल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं, झाडानं हवेतनं ओढलेला, आणि घर उभं आहे तोवर तो घरात. हे सगळं खरं. पण टिंबर मार्केटमध्ये जाऊन न्यूझीलंडचा पाइन घेतला, जो जहाजानं येऊन कांडल्याहून ट्रकनं कोल्हापूरला येतो, त्यावर पॉलिश मारलं, खाली काँक्रीटचा राफ्ट टाकला आणि वर एसी लावला तर ते इको कुठनं झालं? आमच्या घरात सिमेंट लागलं ते बाथरूम, सेप्टिक टँक आणि स्वयंपाकाच्या ओट्याला.

खर्च. आरसीसीचा साधा रेट आमच्याकडं दोन हजाराच्या पुढंमागं सांगत होते, वर डोक्यावरची वाहतूक. हे घर स्क्वेअर फुटाला सोळाशेच्या आसपास पडलं, त्यात तुळयांचं लाकूड घरचं होतं हे लक्षात घ्या, विकत घेतलं असतं तर दोन्ही जवळजवळ सारखेच आले असते. म्हणजे लाकडी घर लई स्वस्त पडतं असं कुणी सांगत असेल तर त्यानं स्वतःचा बांध धरून हिशोब केलाय. मजुरीचा वाटा मोठा आहे, पण तो पैसा भुदरगडच्या सुताराच्या घरी गेला. एका बँकेत लोनला गेलो तर साहेबांनी फोटो बघून विचारलं "पक्कं बांधकाम कधी करणार?" मग सोसायटीतनं आणि सोनं ठेवून भागवलं. लोनवर अवलंबून असाल तर आधी बँकेत लेखी विचारा, मग लाकडाला हात लावा.

वेळेचं शेवटी. दिवाळी झाली की सुरू, गुढीपाडव्याला गृहप्रवेश, असं ठरलं होतं. पाडव्याला सांगाडा उभा राहिला, त्या दिवशी आढं चढवलं, नारळ फोडला, सगळ्या सुतारांना टॉवेल-टोपी दिली, तांबडा-पांढरा झाला. मृग निघाला तरी एका पाख्यावर कौलं नव्हती आणि आम्ही ताडपत्री घेऊन आभाळाकडं बघत बसलेलो. मधे दोन यात्रा, एक लग्नसराई, आणि मिस्त्रीमामांचं दुसऱ्या साइटवर गायब होणं. फोन उचलायचे, खोटं बोलायचे नाहीत, "दादा सोमवारी येतो" म्हणायचे, सोमवार कुठला ते सांगायचे नाहीत. त्यामुळं लाकूड आदल्या वर्षीच घेऊन वाळत टाका, दिवाळीनंतर फक्त काम.

पैसे टप्प्यानंच द्या. लाकूड साइटवर आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, भिंती झाल्यावर. कौलाचे निम्मे पैसे मात्र हातात ठेवा आणि पहिला धो धो पाऊस होऊन गेला, माळ्यावर चढून बॅटरी मारून बघितलं, तूस कोरडं लागलं, की मग द्या.